ठीक हाय, सर

माझा सरांवर पहिल्या दिवसापासून संशय होता, आणि त्यांना त्याचं वाईट वाटण्याऐवजी बरं वाटायचं. ‘बाई, तुम्ही माह्यावर नजर ठेवता न, मले चांगलं वाटते,’ असं ते मला तोंडावर म्हणाले होते. अशा माणसाचं काय करायचं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

मी तेव्हा गडचिरोलीकडच्या एका निवासी शाळेत खेळाची बाई होते. शाळेच्या एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, आणि मागे एक जुना तलाव. पोरं लांबलांबून आलेली, काही तर हेमलकसाच्याही पलीकडून. अशा शाळेत वरून योजना आली की आमच्या पोरांना हिमाचलात नेऊन बर्फावरून घसरायला, म्हणजे स्की करायला शिकवायचं. आमच्या पोरांनी बर्फ पाहिला होता तो आठवडी बाजारातल्या मासोळीच्या पेटीत. पण योजनेला एक शेपूट होतं आणि माझं सगळं लक्ष त्या शेपटाकडे होतं. जी पोरं बर्फावर जातील त्यांना पुढे नागपूरच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. आमची शाळा दहावीला संपायची आणि दहावीनंतर बहुतेक पोरं आपापल्या गावी परतायची. मग तेंदूपत्ता आणि धान, धान आणि तेंदूपत्ता. सहा पोरं निवडली होती आणि जागा होत्या चार.

त्या सहांना तयार करायला हे गृहस्थ आले. मूळचे ब्रह्मपुरीकडचे, पहाडातल्या कुठल्याशा दलात आयुष्य काढून, लोकांना बर्फावर चालायला शिकवून निवृत्त झालेले. जीपमधून उतरले, माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही, माझ्या तोंडाकडेही पाहिलं नाही. खाली माझ्या सँडलकडे पाहून म्हणाले, ‘ह्या चावून राह्यल्या तुमाले.’

मी म्हटलं, ‘नाही, ठीक आहेत.’

‘पाह्यलं?’ ते जीपच्या ड्रायव्हरला म्हणाले. ‘शिकली-सवरली बाई आणि पहिलंच वाक्य खोटं.’

सँडल चावत होत्या ही गोष्ट वेगळी.

त्यांच्याबरोबर दोन पोती आली. एकात स्की, काठ्या वगैरे, दुसऱ्यात बूट. ते बूट पाहून आमची स्वयंपाकीणबाई म्हणाली, ‘हे बूट हाय का बादल्या?’ टणक प्लास्टिकचे, नडगीच्या अर्ध्यापर्यंत येणारे, पुढून वाकलेले. प्रत्येकावर चार-चार लोखंडी बक्कलं आणि आत काढता-घालता येणारा एक मऊ बूट. जुने होते, कुठल्या तरी संस्थेनं टाकून दिलेले. सरांची पावलं पोरांएवढीच लहान; ते स्वतः त्यातला एक जोड घालून चहा प्यायचे. अंगणात खाट टाकून, गुडघे किंचित वाकवून, चार बक्कलं लावून. मध्येच एक खाच सैल करायचे, दोन घोट घ्यायचे, पुन्हा आवळायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, ‘पाय काय म्हणून राह्यला ते आयकून राह्यलो.’

संशय हा त्यांचा धर्मच होता. ऑफिसातल्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, जेवणातल्या मिठावर नव्हता, मोबाइल सांगतो त्या हवामानावर तर मुळीच नव्हता. पोत्याला स्वतःची अशी एक गाठ मारायचे आणि येताजाता ती तपासायचे. पण सर्वांत जास्त संशय त्यांना माणसाच्या ‘हो’चा यायचा. ‘नाई म्हणणाऱ्याची चौकशी कराले लागत नाई,’ ते म्हणायचे, ‘त्यानं सांगतलंच हाय. हो म्हणणाऱ्याले दोनदा विचारा.’

गावाचा त्यांच्यावरचा संशय आणखी मोठा होता. सरावासाठी उतार हवा म्हणून ते पहिल्या आठवड्यात दोन काठ्या घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर हिंडले. काठी रोवायची, एक डोळा मिटून बघायचं, पुढे जायचं, पुन्हा रोवायची. आमच्याकडे अशी काठी रोवत हिंडणारा माणूस एकाच कामासाठी येतो. संध्याकाळपर्यंत गावात झालं की शाळेत खाणीच्या कंपनीचा माणूस उतरलाय आणि तलाव जाणार. दुसऱ्या दिवशी म्हातारीकोतारी माणसं फाटकाशी. मी समजावलं, ‘भाऊ, हे पोरांना घसरायला शिकवणार आहेत.’ तर एक म्हातारा म्हणाला, ‘घसराले काऊन शिकवा लागते वो बाई? आमी तर रोज घसरून राह्यलो.’

शेवटी राइस मिलमधून धानाचा भुसा आला. मिलवाल्यालाही संशय, की शाळेला ट्रॉलीभर भुसा कशाला. सरांनी तो पाळीच्या बाहेरच्या उतारावर जाड पसरला, वर थोडं पाणी मारलं, दाबला. त्यावर स्की घसरायच्या. बर्फाइतक्या नसतील, पण घसरायच्या. पोरांच्या केसांत, कानांत, वरणात सगळीकडे भुसा. ज्या दिवशी पहिला पोरगा खालपर्यंत उभाच्या उभा आला, त्या दिवशी तोच म्हातारा पाळीवर उकिडवा बसून टाळ्या वाजवत होता.

पण घसरणं हा त्यांच्या शिकवणीतला लहान भाग. मोठा भाग बक्कलांचा. पोरं बूट घालायला बसली की यांच्या अंगात यायचं. ‘आधी टाच आपट! टाच मांगं गेली पायजे. मंग घोट्याजवळचं बक्कल, ते टाच धरते. मंग वरची. बोटांवरचं सर्वांत शेवटी, आन ते फक्त दार लोटल्यासारखं. कुलूप नाई लावाचं!’ पाय सैल राहिला तर स्की आपल्या मनानं जाते, फार आवळला तर पायात रक्त जात नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘सैल पाय खोटं बोलते. आवळलेला पाय तं बोलतच नाई. मले बोलणारा पाय पायजे.’

आणि रोज संध्याकाळी ते पोरांचे पाय तपासायचे. मोजे काढून, पाऊल हातात घेऊन, अंगठ्यानं दाबून. सहांत तीन मुली होत्या. एक परका पुरुष मुलींची पावलं हातात घेऊन बसतो हे मला अजिबात आवडलं नाही, आणि मी ते मनात ठेवलं नाही. पहिल्याच संध्याकाळी खुर्ची आणून त्यांच्या समोर ठेवली आणि बसले. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, ‘थोडी जवळ घ्या. तिथून माहे हात नाई दिसत.’ त्या दिवसानंतर मी आल्याशिवाय त्यांनी एकाही पोरीच्या पायाला हात लावला नाही. एकदा मला ताप होता तर तपासणीच रद्द. तरीसुद्धा माझा संशय गेला नाही. इतकं सरळ वागणारा माणूस मला आणखीच संशयास्पद वाटायला लागला. स्वभावाला औषध नाही.

एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती. माझ्या अब्बांचं चंद्रपूरच्या बाजारात जोड्यांचं दुकान आहे. सरांचा जोडे विकणाऱ्यांवर इतका राग की मी तोंड उघडलं नाही. गिऱ्हाइकाला जोडा घट्ट झाला की अब्बा म्हणतात, ‘दो दिन में फैल जायेगा.’ सैल झाला तर आत एक गादी. जोडा परत घेतलेला मी आयुष्यात पाहिला नाही. एकदा एका पोराला बूट घालताना मी सवयीनं त्याचा पाय माझ्या गुडघ्यावर घेतला. सर लांबूनच ओरडले, ‘बाई! तुमच्या घरी दुकान हाय!’ पुढे आठवडाभर मी काहीही बोलले की ते मान डोलवायचे, ‘पसरते, पसरते.’

त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं नव्हती. पोरांना त्यांनी सांगितलं की बर्फात गळून पडली. स्वयंपाकीणबाईला सांगितलं, धान काढायच्या मशीनमध्ये गेली. मी विचारलं तर म्हणाले, ‘होती का? मले आठवत नाई.’ आजही खरं काय ते मला ठाऊक नाही. बर्फाचीच गोष्ट खरी असावी असं वाटतं, पण ती इतकी शोभून दिसते की तिचाच संशय येतो.

आता मैनीबद्दल सांगायला हवं, कारण माझा जीव तिच्यात अडकला होता. मैनी सहांतली सर्वांत लहानखुरी, सर्वांत लांबच्या गावची. जन्मभर अनवाणी चाललेली पोर, पावलं पुढून पंख्यासारखी पसरलेली, अंगठा एकीकडे, करंगळी दुसरीकडे. आणि पाळीवरून अशी उतरायची की आम्ही बोलणं थांबवून बघत राहायचो. तिच्या गावातून दहावीनंतर कोणीच शिकलं नव्हतं. तिला शिकायचं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता.

सर तिला रोज विचारायचे, ‘बूट कसा हाय?’

‘ठीक हाय, सर.’

एका संध्याकाळी करंगळीच्या कडेला लाल वण दिसला. ‘हे काय?’

‘डास चावला, सर.’

‘डास बरोब्बर बक्कलाखालीच चावते का वो बाई?’ त्यांनी मला विचारलं.

मी तिची बाजू घेतली. म्हटलं, ‘ती ठीक आहे म्हणते ना.’

खरं तर ‘ठीक हाय’ काय चीज आहे हे मला त्यांच्याहून जास्त ठाऊक असायला हवं होतं. आमच्या शाळेत दरवर्षी कपडे-चपला येतात. ज्याला लहान-मोठं होतं त्यानं सांगायचं, मग ते परत घेतलं जातं, ‘बदलून देऊ’ म्हणतात. ते बदलून कधीच येत नाही. त्यामुळे पहिल्याच वर्षी पोरं शहाणी होतात. फुकट आलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही. बाहीत दोन हात मावतील असा शर्ट असो की टाच बाहेर लोंबेल अशी चप्पल असो, विचारलं की एका सुरात, ‘ठीक हाय, सर.’ आमच्या शाळेत पोरं बाराखडीच्या आधी हे वाक्य शिकतात.

सरांनी एके दिवशी यावर तोड काढली. सगळ्यांना उभं करून म्हणाले, ‘ज्याचा बूट चावत नाई, तो घरी जाईल.’

दुसऱ्या दिवशी सहांतल्या पाच जणांचे बूट चावायला लागले. एकाचा तर न घातलेला बूटही चावत होता. सर डोकं धरून बसले, कारण आता ‘चावते’वर संशय घ्यायची पाळी आली होती. एकटी मैनी म्हणाली, ‘ठीक हाय, सर.’ तिला वाटलं हा सापळा आहे. जो चावते म्हणेल त्याचा बूट जाणार. तिनं असा सापळा आमच्याच शाळेत पाहिला होता. सरांनी मात्र तिला घरी पाठवलं नाही.

याच दिवसांत स्वयंपाकीणबाई तक्रार घेऊन आली की वरणाचा मोठा गंज, म्हणजे आमचं मोठं पातेलं, रोज दुपारी गायब होतो आणि गोदामामागे धूर दिसतो. आमच्या भागात दुपारी, आडोशाला, गंज आणि विस्तव यांचा एकच अर्थ होतो. मोहाची दारू! मला तर जवळजवळ आनंदच झाला. इतक्या दिवसांच्या संशयाला शेवटी पुरावा मिळाला. पाय न वाजवता गेले. सर चुलीपुढे बसलेले, गंजात पाणी उकळतंय आणि त्यात एक स्कीचा बूट बुडवलेला. मला पाहताच त्यांनी काहीतरी मांडीखाली सरकवलं.

‘काय लपवलंत?’

‘लाकूड.’

‘सागाचं?’

‘सागाचं.’

‘आणलं कुठून?’

‘बाई, मोडक्या बेंचाचं हाय. दाखवत नाई. तुमाले दाखवलं का तुम्ही पोट्टीले सांगान.’

कुठली पोट्टी, काय सांगेन, विचारलं तर ते चूल फुंकायला लागले. मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, ‘दारू नाही ना? मग बूट उकळू द्या.’

सरांनी चौघांची निवड करायच्या दिवशी सकाळी पाळीवर सगळं गाव होतं. पाच पोरं उतरली, कोणी बरी, कोणी पडत-झडत. मैनी शेवटी. ती सुटली, आणि वळणावर काहीतरी चुकलं. पाय वळला पण स्की मागून वळली, क्षणभर उशिरा. ती पडली नाही, धानाच्या धसकटांपाशी जाऊन थांबली. लोक टाळ्या वाजवत होते. सर माझ्याकडे वळले. ‘आवाज आयकला? डब्यात गोटा वाजते तसा.’ मग तिला म्हणाले, ‘बूट काढ.’

‘ठीक हाय, सर.’

‘काढ म्हणलं.’

मला राग आला. ‘एकटीलाच का? काढायचे तर सगळ्यांचे काढा!’

‘बरोबर,’ म्हणत त्यांनी सगळ्यांना बूट काढायला लावले. पाचांनी काढले. मैनी दोन्ही हातांनी बक्कलं झाकून बसली. मग सर म्हणाले, ‘बाई, तुम्ही काढा.’

मी गुडघ्यावर बसले. तिचे हात बाजूला केले. चारही बक्कलं शेवटच्या खाचेत. उघडली, आणि बुटात आतला मऊ बूटच नव्हता. पाय सुजल्यामुळे आत जाईना, म्हणून तिनं सकाळी तो काढून पेटीत लपवला होता आणि जुन्या गणवेशाची पट्टी पायाला गुंडाळली होती. घोट्याचं कातडं सोललेलं. ती रडली नाही. माझा हात धरून सरांना म्हणाली, ‘दुखत नाई, सर. ठीक हाय. बूट वापस नका घेऊ.’

सर तिच्यासमोर भुशात बसले. आवाज चढवला नाही. ‘आयक. तिथी थंडीनं पाय मरते. मरते तवा दुखत नाई. मी विचारीन पाय कसा हाय, तू म्हणशीन ठीक हाय. मंग मी तुह्या बापाले काय वापस आणून देऊ? ज्याचा पाय बोलत नाई त्याले मी बर्फावर नेत नाई.’

म्हणजे संपलं. मी त्यांच्यावर ओरडलेच, साऱ्या गावासमोर. ‘तिला बोलायला शिकवलंय कुणी? इथे बोललं की वस्तू जाते, एवढंच शिकवलंय आम्ही!’

‘मंग आजच शिकवा,’ ते म्हणाले आणि उठून खोलीकडे गेले.

परत आले ते एक बुटांचा जोड घेऊन. रोज चहा पिताना पायात असायचा तोच. पुढचा भाग कडेनं फुगवलेला, गरम पाण्यात मऊ करून आत लाकूड ठोकून रुंद केलेला. आणि काखेत ते सागाचं लाकूड. ते लाकूड नव्हतं, पाऊल होतं. अंगठा एकीकडे, करंगळी दुसरीकडे. मैनीनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, ‘हा माहा पाय हाय!’ आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा फिसकन हसली.

मला काय वाटलं ते सांगते. मला लाज वाटली आणि पुन्हा रागही आला. एवढं आधीच करून ठेवलं होतं तर दिलं का नाही? मी तसं विचारलंही.

‘फुकट देल्लं असतं तं काय म्हणली असती?’ त्यांनी उलट विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

त्यांनी माझ्याकडून तिच्या घोट्याला हळद-तेल लावून घेतलं, मऊ फडकं बांधलं, मोजा चढवला. तिनं टाच आपटली. घोट्याजवळचं बक्कल, मग वरची दोन, शेवटी बोटांवरचं. मग तसाच दुसरा पाय. ‘उभी राय. गुडघे वाकव. नडगी पुढं टेकव.’ मग ते तिच्या तोंडाकडे बघत मागे सरले. स्वयंपाकीणबाई नवीन भाजी वाढून पहिल्या घासाकडे बघते ना, तसे. किती दुपारी घालवल्या होत्या त्या बुटावर! कोणीही, अगदी मीसुद्धा, त्या तोंडाकडे बघून छान आहे असंच म्हटलं असतं.

‘कसा हाय?’

मैनीनं त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पाळीवर बसलेल्या गावाकडे पाहिलं. मी मनातल्या मनात अल्लाची विनवणी करत होते, की पोरी, फक्त ते वाक्य म्हणू नकोस.

‘चावते,’ ती म्हणाली.

‘कुठी?’

‘इथी. करंगळीपाशी.’

सरांचे डोळे बारीक झाले. ‘खरंच चावते, का मले खुश कराले म्हणून राह्यली?’

‘म्हणलं न चावते!’ मैनी चिडली. तिला चिडलेलं आम्ही कधीच पाहिलं नव्हतं. ‘तुमी लाकडाची करंगळी बारीक केली, सर! माही मोठी हाय!’

त्यांनी बोट घालून चाचपलं. लाकडाचं पाऊल उचलून करंगळी पाहिली. मग जे हसायला लागले ते भुशात आडवेच झाले. केसांत भुसा, मिशीत भुसा, डोळ्यांत पाणी. उठून बसून त्यांनी बोटांवरचं बक्कल एक खाच सैल केलं. ‘आता?’

‘आता कमी चावते.’

‘कमी म्हणते!’ ते माझ्याकडे वळून म्हणाले, जणू पोरीला पदक मिळालं होतं. आणि लगेच तोंड पूर्वीसारखं. ‘बाई, खरं सांगा. हे बोलाले तुम्ही शिकवलं तिले?’

‘नाही.’

‘कसम?’

‘कसम.’

त्यांचा विश्वास बसला नाही. ते माझ्याकडे बघतच राहिले, मी त्यांच्याकडे. तेवढ्यात मैनीनं दुसरा पाय उचलून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला.

‘सर, हा बी चावते.’